बिजवाईच्या माचावरची पेटी

चांदा, ११ डिसेंबर १९५७

ती. इंदुताईस,

उत्तर येणार नाही असं धरूनच लिहिते. मी मुंबईला गेल्यापासून तुझं एकही आलेलं नाही, तेव्हा हे धरणं चुकीचं नाही. या वेळी मला फक्त माहिती हवी आहे, आणि माहिती देण्यासाठी अबोला सोडावाच लागतो असं नाही.

मी चांद्यात आहे. रजेवर नाही, कामावर. आमच्या संस्थेने गेल्या महिन्यात यवतमाळजवळच्या माळावरून एक फुगा सोडला. पॉलिथिनचा, वर गेल्यावर तुझ्या शाळेहून मोठा होणारा. त्याच्याखाली लाकडी पेटी, पेटीत काळ्या कागदात बांधलेल्या फोटोच्या प्लेटांचा गठ्ठा. कॅमेरा नसतो. अवकाशातून सतत बारीक कण येत असतात. ते प्लेटेतून आरपार जाताना मागे रेघ ठेवतात. आपल्या हवेत शिरले की हे कण फुटतात, जमिनीवर पोचतात ते तुकडे. अखंड हवे असतील तर बहुतेक हवा खाली टाकून वर जावं लागतं. फुगा तेवढं करतो. मग वरच्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकतो आणि ठरल्या वेळी पेटी कापडी छत्रीने उतरते. सध्या देशोदेशीचे लोक मिळून पृथ्वी आणि तिच्यावरचं आकाश मोजत आहेत. आमची पेटी त्यातलीच.

पूर्वेकडे म्हणजे तुझ्या बाजूला. चामोर्शीच्या बाजारात निरोप फिरला की घोटच्या पुढे जंगलात येलमटोला म्हणून गाव आहे, तिथल्या पत्रू नावाच्या माणसाला ती मिळाली. परवा मी आणायला जाते. तुझ्या शाळेत येलमटोल्याची मुलं आहेत का? त्यांच्या घरी मराठी कितपत चालते? तुला गोंडी येते, मला येत नाही. एवढंच विचारायचं होतं.

स्टेशनवरच्या चहावाल्याने माझी खोकी पाहून विचारलं, "बाई, रशियाचा चंद्र तुमीच सोडला का?" मी नाही म्हटलं. त्याची निराशा झाली असावी. चहा थंड दिला.

मी जाताना तू जे म्हणाली होतीस ते माझ्या लक्षात आहे. त्यावर आज लिहीत नाही.

नीला


घोट, १६ डिसेंबर १९५७

ती. इंदुताईस,

पेटी मिळाली. प्लेटा गेल्या.

आधी क्रमाने लिहिते, म्हणजे मलाही नीट दिसेल. लटारू नावाच्या बंडीवाल्याबरोबर निघाले. त्याच्या बंडीवर ताडपत्रीऐवजी आमच्या फुग्याचा तुकडा बांधलेला होता. कुठून आणला विचारल्यावर म्हणाला, "आभाळातून पडलं बाई. आभाळ सरकारचं हाय का?" येलमटोल्यात शिरलो तर गोठ्यांवर तेच पॉलिथिन, आणि दोन लहान मुलींच्या अंगात आमच्या छत्रीच्या लाल कापडाची पोलकी. त्याचं काही नाही; कापड आणि पॉलिथिन आम्हांला नकोच असतं. पेटी हवी असते.

पेटी पत्रूच्या आईने ठेवली होती. सुकरी तिचं नाव. ती मला घरात घेऊन गेली, वर बोट दाखवलं. चुलीच्या वर बांबूचा माच, धुराने काळा झालेला. त्यावर बियाण्याच्या धानाच्या पुड्या, आणि मधोमध आमची पेटी. वर मोहाच्या पानांचं झाकणसुद्धा घातलेलं. खाली चूल पेटलेली.

ताई, या प्लेटांवरची रेघ धुण्याआधी दिसत नाही, आणि उष्णता लागली की न दिसताच पुसट होत जाते. दोनतीन आठवडे सकाळ-संध्याकाळ खालून धग. पेटी खाली घेतली तेव्हा लाकूड कोमट होतं. प्लेटा मुंबईला धुवायला पाठवते, पण काय येणार ते मला माहीत आहे. काही नाही.

मी विचारलं, इथे का ठेवली? सुकरीला प्रश्नच कळला नाही.

"बाई, बिजवाई कुठी ठेवतेत? माचावर. धुराच्या वर कीड लागत नाई, उंदीर येत नाई. तुमची वस्तू बिजवाईपक्षा कमी हाय का?"

पत्रू म्हणाला, "माय तं आमाले हातबी लावू देत नव्हती. पोरगं चढलं तं काठी घेऊन धावली."

मी पेटी घेतली, पोच दिली, निघाले. संस्थेला अहवाल आज रात्रीच्या आत जायला हवा. विभागप्रमुखांचं म्हणणं आधीपासून आहे की या जंगलात पेट्या उतरवण्यात अर्थ नाही, फुगे दक्षिणेकडून सोडावेत. तसं झालं तर इथलं काम बंद, आणि इथलं काम म्हणजे मी. महिन्याभरात दुसरा फुगा सुटायचा आहे. तीही पेटी अशीच आली तर तिसरा सुटणार नाही.

मी ठीक आहे. इथे थंडी बरी आहे.

नीला


चांदा, ९ जानेवारी १९५८

ती. इंदुताईस,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या काळानंतर दोन वाक्यं: "पेटीवर मराठीत काय लिहिलं होतंस ते शब्दशः कळव. आणि पत्रूला चौकीत का बसवून ठेवलंय, ते इथे सगळे मला विचारत आहेत."

दुसरं वाक्य वाचेपर्यंत मला ते माहीत नव्हतं. हे सफाई म्हणून लिहीत नाही, क्रम म्हणून लिहिते. अहवालात मी लिहिलं होतं: "सापडणाऱ्याने पेटी चुलीवर ठेवल्यामुळे प्लेटा निकामी झाल्या." वाक्य खरं आहे. ते मुंबईहून इकडच्या कुठल्याशा टेबलावर आलं आणि तिथे त्याचं "सरकारी मालाची नासधूस" झालं. तिथून चौकीला गेलं.

तू मागितलेला मजकूर असा: "ही वस्तू शास्त्रीय कामाची असून अत्यंत मौल्यवान आहे. उघडू नये. काळजीपूर्वक जपून ठेवावी व पोलीस पाटलास कळवावे." इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू मजकूर दुसऱ्यांचे. मराठी माझा. लिहायला मी एक दुपार घेतली होती. "काळजीपूर्वक" हा शब्द नंतर घातला.

तू हेच दाखवणार होतीस हे मला कार्ड वाचतानाच समजलं. अत्यंत मौल्यवान वस्तू येलमटोल्यात जिथे जपतात, तिथेच त्यांनी जपली. मी सांगितलं तसंच केलं. उन्हात नको, आगीजवळ नको, हे मी लिहिलं नाही, कारण मौल्यवान वस्तू कोणी चुलीवर ठेवेल असं मला वाटलंच नाही. आपल्याकडे चुलीवर काय असतं? तवा.

आज सकाळी चौकीत गेले. जमादार म्हणाला, "तुमचाच कागद हाय न बाई? तुमीच लिवलं न?" मी म्हटलं, मीच लिहिलं, अर्धं लिहिलं, उरलेलं आता लिहून देते. लिहून दिलं: सूचनेत चूक संस्थेची, सापडणाऱ्याने सूचना पाळली. त्याने दोनदा वाचलं. "मंग हा इथी काऊन बसला?" असं माझ्याचकडे पाहून विचारलं आणि पत्रूला सोडलं.

पत्रू तडक बाहेर पडला. लटारूच्या बंडीतही बसला नाही. पायी गेला. लटारूने मला परत येताना सांगितलं, "आता आभाळातून सोन्याचा हंडा पडला तरी थे लोकं डोयानं पाह्यणार नाई. पाह्यलं तं पुरून टाकतीन."

दुसरा फुगा वीस तारखेच्या सुमारास सुटतो. मी पेटीवरचा मजकूर बदलला आहे. पण पुरलेल्या पेटीवरचा मजकूर कोण वाचणार?

अजून एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. पेटी खाली काढताना सुकरीने मला विचारलं होतं, "आत का हाय वं बाई?" मी म्हटलं, "सरकारी आहे." तिने पुढे विचारलं नाही. मला घाई होती. घाई होती हे कारण आहे, उत्तर नाही.

नीला


चामोर्शी, २ फेब्रुवारी १९५८

ताई,

पत्रावरचं गाव पाहून तू चिडशील. तुझ्याच गावी बाजारासाठी आले होते, शाळेकडे यायला वेळ झाला नाही.

फुगा बावीसला सुटला. छत्री उघडल्याचा संदेश पेटीतल्या रेडिओने दिला, त्यानंतर काही नाही. माझ्या हिशेबाने पेटी येलमटोल्याच्या आसपासच उतरली आहे. वारा एकच, माळ एकच, त्यामुळे फुग्याच्या वाटेची रेघही जवळजवळ तीच. कोणीही काही कळवलेलं नाही. येलमटोल्यात गेले तर दारं उघडी आणि माणसं नाहीत. मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं, "इथी काई पडत नाई."

म्हणून बाजारात उभी राहिले. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. आकडे सांगता येतात. मिरच्यांच्या ढिगाशेजारी एका खोक्यावर रिकामी पेटी ठेवली आणि सांगायला सुरुवात केली, की आकाशातून कण येतात. एक जण म्हणाला, "धानाचे का?" सगळे हसले. दसरू नावाचा भांडी विकणारा तिथेच बसतो. तो ओरडला, "बाई, रशियानं चंद्रात कुत्री बसवली, तुमी पेटीत का बसवलं?" मी म्हटलं, जिवंत काही नाही, त्या हिशेबाने पेटी रिकामी जाते. "रिकाम्या पेटीसाठी माणूस कोंडला!" त्यावर कोणी हसलं नाही.

मग एका बाईने विचारलं की ते कण अंगावर पडतात का. मी म्हटलं, पडतात, तुकडे पडतात, आत्ता आपल्या हातांतून जात आहेत. तिने हात मागे घेतला. तिच्याबरोबर चारपाच जणींनी घेतला. भीती वाटू नये म्हणून मी सांगितलं की हे पृथ्वी आहे तेव्हापासून चालू आहे, तुमच्या आजीच्या हातांतूनही गेले. ती म्हणाली, "आन् आमाले आता सांगता?"

तू म्हणाली होतीस ना, "चुलीपुढे बसलेल्या बाईला तुझ्या आकाशाचा काय उपयोग? तिला अक्षर दे आधी." दोघींनी काढायची शाळा मी सोडून गेले म्हणून तू ते म्हणालीस, आणि उपयोग सांगता आला नाही म्हणून मी गप्प बसले. अजूनही सांगता येत नाही. या रेघांनी कोणाचा ताप उतरणार नाही. पण उपयोगाचं तू विचारलंस आणि मी स्वतःला विचारलं. चुलीपुढच्या बाईने विचारलं ते वेगळंच: आत काय आहे, आणि मला का नाही सांगितलं.

प्लेटा कुठेतरी आहेत. जितके दिवस तशा राहतील तितक्या त्यांच्यावर जमिनीवर पोचणाऱ्या तुकड्यांच्या, नको त्या रेघा साठतील. विभागप्रमुखांची तार आली आहे: या महिन्यात पेटी नाही, तर इथलं काम आवरायचं.

मला झोप लागते. जेवण जातं. बसवत मात्र नाही. नकाशा काढते, घडी घालते, पुन्हा काढते.

नीला

ता. क. शाळेकडे यायला वेळ झाला होता. फाटकापर्यंत आले. तुझा पाढे म्हणवून घेण्याचा आवाज आला. परत फिरले.


घोट, १४ फेब्रुवारी १९५८

ताई,

पेटी मिळाली. आणि तुला ते माझ्याआधी माहीत होतं.

लटारूने काल निरोप आणला की सुकरीने बोलावलं आहे, "एकटीनं ये, कागद आनू नको." गेले. पत्रू अंगणात दोरी वळत होता, त्याने मान वर केली नाही. सुकरी मला आत घेऊन गेली. माचाकडे मी आपोआप वर पाहिलं. ती हसली. "तिथी नाई वं." मागच्या खोलीत, धानाच्या ढोलीआड, जमिनीत अर्धं गाडलेलं मातीचं मडकं. मधाचं मेण ठेवतात ते. झाकण काढलं. पळसाच्या पानांत बांधलेली पेटी, हात लावला तर गार.

"तुई बहीन आली होती," ती म्हणाली. "इंदुबाई. तिनं सांगतलं, हे मेन हाय समज. ऊन नाई, आग नाई, ओल नाई."

पेटीत मेण नाही, प्लेटांवरचं जिलेटिन आहे, आणि कारण मेणासारखं वितळणं हे नाही. पण मेण ठेवण्याची जागा मात्र अगदी बरोबर होती. माझ्या नव्या मजकुरात उष्णतेचे अंश दिले होते. तू एक शब्द दिलास.

बाजारच्या दुसऱ्याच दिवशी तू गेलीस, असं सुकरीने सांगितलं. माझं पत्र तोपर्यंत तुला मिळालेलं असणं शक्य नाही. म्हणजे त्या दिवशी तूही बाजारात होतीस. कुठे उभी होतीस ते विचारत नाही.

पेटी मी लगेच उचलली नाही. सुकरीने हात ठेवला होता तिच्यावर.

"आत का हाय?"

या वेळी मी सांगितलं. गोंडी येत नाही, तिची मराठी वेगळी, माझी वेगळी. जमिनीवर बसून काटकीने रेघा ओढल्या. वरून येणारा कण, आपली हवा, त्याचं फुटणं. तिने माझ्या हातातली काटकी घेतली आणि हवेच्या रेघेवर टेकवली. "म्हनून वर पाठवता." मी हो म्हटलं. "आन् हे येते कुठून?" मी म्हटलं, ते अजून कोणालाच पक्कं माहीत नाही, तेच शोधायचं आहे. मला वाटलं, चुकीचं बोलले. ती पत्रूला हाक मारून म्हणाली, "आयकलं का रे? याहिलेबी माहीत नाई!" पत्रूने पहिल्यांदा मान वर केली.

मग सुकरीने अट घातली. पेटी ने, पण आत काय निघालं ते इथी आणून दाखव. सांगू नको, दाखव.

मी कबूल केलं. विभागप्रमुखांना विचारलेलं नाही.

नीला


येलमटोला, २३ मार्च १९५८

ताई,

हे पत्र सुकरीच्या अंगणात, खाटेवर बसून लिहिते आहे. लटारू बैल सोडून झोपला आहे.

प्लेटा उत्तम निघाल्या. मुंबईत धुतल्या, मी स्वतः तपासल्या. एका प्लेटेत एक जड कण शिरला आहे, जाड काळी रेघ, आणि मध्येच एका ठिकाणी फुटून तिच्या बारीक रेघा चहूकडे गेल्या आहेत. आमच्याकडे त्याला तारा म्हणतात. पृथ्वीच्या बाहेरून, किती काळ चालत आला कोणास ठाऊक, आणि संपला तो आमच्या प्लेटेत, मेणाच्या मडक्यात येण्याच्या थोडा आधी. मुंबईत सगळे खूश आहेत. तिसऱ्या फुग्याला मंजुरी आली.

मी ती प्लेट आणि एक जुना सूक्ष्मदर्शक मागून घेतला. प्लेट बाहेर नेणं नियमात बसत नाही असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, ही प्लेट ज्यांनी सांभाळली त्यांच्याकडे ती धुण्याआधी होतीच. धुतल्यावर नेली तर धोका कमी. विभागप्रमुखांनी सही केली, पण ती माझ्या म्हणण्याने की मला घालवण्यासाठी, ते कळलं नाही.

बंडीत सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन आले. अंगणात उखळ पालथं घालून त्यावर ठेवला, आरशात ऊन धरलं, तारा मधोमध आणला. सगळं गाव जमलं. आधी सुकरी. तिने दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला. बराच वेळ पाहिलं. मी वाट पाहत होते. काय ऐकायची इच्छा होती ते लिहीत नाही.

ती सरळ झाली आणि म्हणाली,

"एवढंसं? एवढ्याशा रेघेसाठी माह्या पोराले कोंडलं?"

मला बोलायला हवं होतं. माझ्याकडे त्या रेघेची लांबी होती, जाडी होती, तिला आणणाऱ्या कणाचा भार होता. मी म्हटलं, "हो. एवढ्यासाठीच." आणि म्हटलं, ते चूक होतं, आणि सुरुवात माझ्या कागदाने झाली.

पत्रू पुढे आला. आईला बाजूला सारून वाकला. त्याने इतका वेळ पाहिलं की मागची पोरं ढकलायला लागली. "माय, हे फुटलं न इथी, त्याच्या आधीची रेघ पाय. सरळ आली. लय दुरून आली असन." मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पुडची पेटी कवा?"

मी एप्रिल म्हटलं.

सुकरी परत उखळाशी आली, दुसऱ्यांदा पाहायला. डोळा लावलेलाच ठेवून म्हणाली, "पाड. पन पाडाच्या आधी सांगून पाड. बाकीच्या गावालेबी सांग. सगळ्याहीकडे इंदुबाई नसते."

पोरांची रांग अजून संपलेली नाही. त्यातली एक मुलगी लाल पोलक्यात आहे.

आता कामाचं. फुगा सुटण्याआधी, उतरण्याच्या भागात तयारी झाली आहे असं माझ्या सहीने जावं लागतं. मागच्या दोन्ही वेळा मी यवतमाळमध्ये बसून सही केली. या वेळी केलेली नाही. मुंबईला तसं कळवलं आहे. वाऱ्याचा हंगाम निघून जाईल अशी तार आली. मी उत्तर दिलं की वारा पुढच्या वर्षी पुन्हा येतो, येलमटोला एकदा मिटला की पुन्हा उघडत नाही. यावर ते काय ठरवतील ते मला माहीत नाही. कदाचित माझ्याऐवजी दुसऱ्याची सही घेतील.

तोपर्यंत रेघेखालची गावं चालून घ्यायची आहेत. प्रत्येक गावात पेटी दाखवायची, आत काय जातं ते सांगायचं, हा तारा दाखवायचा, आणि विचारतील त्याला उत्तर द्यायचं; माहीत नसेल तर नाही म्हणायचं. तू म्हणशील, हे शाळेसारखंच झालं. असेल.

नकाशा मी आज मधोमध फाडला. अलीकडची गावं, जिथे माझ्या मराठीवर भागेल, ती माझ्याकडे ठेवली आहेत. नदीपलीकडची अर्धी बाजू या पत्रात घालते. तिथे गोंडी लागते. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी कधी लागते ते मला ठाऊक आहे.

सही तुझं उत्तर आल्यावर करेन. कार्ड चालेल. दोन वाक्यंही नकोत, एक पुरे.

नीला